वजनाच्या पोटातलं शिसं

किराणा दुकानातलं एक किलोचं बिडाचं वजन कधी पालथं करून पाहिलंय? वरच्या अंगाला ठसठशीत आकडा असतो, खालच्या अंगाला एक खळगा. खळग्यात शिसं ठोकून बसवलेलं, आणि त्या शिशावर बारीक खुणा उमटवलेल्या. वैधमापनशास्त्र निरीक्षकाच्या कसबाची चव घ्यायची तर सुरुवात या खळग्यापासून करावी. ओतीव बीड साच्यातून नेमकं एक किलोचं उतरत नाही. म्हणून ते किंचित हलकं ओततात आणि उरलेली तूट शिशाने भरतात. आता लबाडाच्या नजरेने पाहा. वजन हलकं करायला सर्वांत सोपी जागा हीच, कारण शिसं मऊ, चाकूनेही खरवडता येतं. आणि सरकारी मुद्रा बसलीय ती नेमकी त्याच शिशावर! खरवडलं की मुद्रा गेली, आणि मुद्रा नसलेलं वजन दुकानात वापरणं हाच गुन्हा. चोराला जी वाट सोयीची, तिच्यावरच चौकी बसवणाऱ्या त्या अनाम माणसाला दाद द्यायला हवी.

मुद्रा वाचताही येते. वर्षाचे आकडे असतात आणि सोबत तिमाहीचं अक्षर : ए, बी, सी किंवा डी. लोखंडी वजनं आणि साधा तराजू यांची फेरपडताळणी दोन वर्षांनी, इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी. मुदतीतला हा फरक मनमानी नाही. बीड झिजतं, गंजतं, पण सावकाश. इलेक्ट्रॉनिक काट्याचं मन मात्र केव्हाही फिरू शकतं किंवा फिरवलं जाऊ शकतं.

जुन्या दांडीच्या तराजूची परीक्षा तर ऐकूनच खूश व्हावं अशी. पारडी रिकामी असताना काटा मधोमध उभा राहिला, म्हणजे तराजू खरा, असं आपण समजतो. पण दांडीची एक भुजा किंचित आखूड करून त्या बाजूच्या पारड्याला पासंग लावला, की रिकामा तराजू साळसूदपणे समतोल दाखवतो. निरीक्षक दोन्हीकडे भार ठेवून समतोल साधतो आणि मग भारांची अदलाबदल करतो. उजवीकडचं डावीकडे, डावीकडचं उजवीकडे. भुजा असमान असतील, तर फसवणूक लपत नाहीच, उलट दुप्पट होऊन समोर येते. ना यंत्र, ना रसायन. फक्त हातांची एक फिरवाफिरव.

हल्ली मंडईत दांडी कमी आणि लाल आकड्यांचे काटे जास्त. त्यांच्यापाशी जरा रेंगाळू, कारण खरी नजाकत तिथे आहे. तीस किलोच्या नेहमीच्या काट्यावर एक छोटी पट्टी असते : कमाल ३० किलो, किमान १०० ग्रॅम, आणि ‘ई’ या अक्षरापुढे ५ ग्रॅम. म्हणजे हा काटा पाच-पाच ग्रॅमच्या पायऱ्यांनी चालतो आणि वीस पायऱ्यांच्या खाली त्याच्यावर विसंबू नये. पन्नास ग्रॅम लसूण त्याच्यावर तोलली, तर एक पायरी म्हणजे मालाचा दहावा हिस्सा. पट्टी हे स्पष्ट सांगते. वाचणारे आपण नसतो, एवढंच.

निरीक्षक आधी पाणसळीचा बुडबुडा मधोमध आहे ना ते पाहतो. मग काट्याच्या कमाल क्षमतेच्या साधारण एक तृतीयांश भार पाटाच्या मध्ये न ठेवता एकेका कोपऱ्यात ठेवतो. भाजीवाला पिशवी कुठे टेकवेल याचा नेम नसतो, म्हणून चारही कोपऱ्यांनी एकच साक्ष द्यायला हवी. पुढची युक्ती मला सर्वांत आवडते. पाच किलोचं प्रमाण वजन ठेवलं, पडद्यावर ५.००० आलं. छान! पण काटा आकडा पाच ग्रॅमपर्यंत गोळा करून दाखवतो. त्या गोलाईआड काय दडलंय? पेटीतून अर्ध्या ग्रॅमची इवलीशी वजनं चिमट्याने एकेक करून पाटावर ठेवत जायची आणि आकडा ५.००५ वर केव्हा उडी मारतो ते टिपायचं. काटा चोख असेल, तर उडी अडीच ग्रॅमला, म्हणजे पाचव्या वजनाला. दुसऱ्यालाच मारली, तर तो दीड ग्रॅम जास्त दाखवतोय. काटा जे बोलत नाही, तेही त्याच्याकडून वदवून घेतलं! या भाराला नव्याने मुद्रा मारताना पाच ग्रॅमची चूक चालते, दुकानात वापरात असताना दहाची. तेव्हा दीड ग्रॅमला काटा बाद होत नाही. तरीही ते दीड ग्रॅम ठाऊक असणं, यालाच कसब म्हणायचं.

शेवटी तार ओवून सील. काटा उघडल्याशिवाय किंवा त्याची जुळणी बदलल्याशिवाय सील तुटायचं कारण नसतं. तुटलं की प्रमाणपत्रावरची तारीख काहीही असो, पडताळणी संपली.

पेट्रोल पंपावरचं पाच लिटरचं माप पाहिलंत? पोट मोठं, मान निमुळती. लहानशा फरकाने अरुंद मानेतली पातळी बरीच वरखाली होते, म्हणून मिलिलिटर डोळ्यांना दिसतात. सूट पाच लिटरला २५ मिलिलिटर. हे माप मागायचा हक्क तुमचाही आहे. पाकिटबंद मालाची तऱ्हा निराळी. एक किलोच्या एखाद्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंत तूट खपते, पण तपासलेल्या सगळ्या पाकिटांची सरासरी छापील वजनाखाली जाता कामा नये. एकाला माफी, सगळ्यांना मिळून नाही : कारखानदाराला श्वास घेऊ देणारा आणि तरी सुटू न देणारा नियम.

आणि निरीक्षकाच्या पेटीतल्या वजनांना कोण तपासतं? त्यांच्यावर दुय्यम प्रमाणं, त्यांच्यावर संदर्भ प्रमाणं, आणि सर्वांच्या वर दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. तिथे आंतरराष्ट्रीय किलोग्रॅमची ५७ क्रमांकाची प्रत आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावरून प्लांकच्या स्थिरांकावर गेली, तरी ही साखळी तुटलेली नाही. कोथिंबिरीच्या शेजारी ठेवलेल्या त्या काट्याची वंशावळ इतकी लांब आहे.

उणं दाखवायचंच तर एक : हा सगळा बारकावा पडताळणीच्या दिवशी फुलतो, आणि बाजार रोज भरतो. मधल्या दिवसांत १ एप्रिल २०११ पासून लागू असलेला वैधमापनशास्त्र अधिनियम तुमच्या डोळ्यांवरच चालतो. दुकानात पडताळणीचं प्रमाणपत्र दर्शनी जागी लावणं बंधनकारक आहे. ते शोधा, तारीख वाचा. काट्यावरचं सील आणि पाणसळ पाहा. तोलण्याआधी शून्य आहे का, ते पाहा. शंका आली तर जिल्ह्याच्या वैधमापनशास्त्र कार्यालयात तक्रार करा. आणि दिवाळीत मिठाई घेताना आधी रिकामं खोकं काट्यावर ठेवून शून्य करायला सांगा. काजूकतलीच्या भावाने पुठ्ठा विकत घ्यायची गरज नाही.