मातीविना मातीचा खेळ

संगणकावरील खेळ हा साहित्यसभेच्या चर्चेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आमचे उत्तर सरळ आहे. आपली नातवंडे ज्या निर्मितीपुढे कादंबरीपेक्षा अधिक वेळ रमतात, तिचे गुणदोष पाहणे हे समीक्षेचे कर्तव्यच आहे. म्हणून इंग्लंडच्या कोडमास्टर्स या संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये प्रकाशित केलेला ‘डर्ट ५’ हा मोटारशर्यतीचा खेळ आम्ही येथे विचारार्थ घेत आहोत. ‘डर्ट’ म्हणजे माती. डांबरी सडक सोडून चिखल, वाळू, बर्फ आणि खडक यांवरून मोटार हाकणे हा त्याचा विषय. तेव्हा त्याला विचारावयाचा मुख्य प्रश्न एकच : यात माती आहे काय?

अशा खेळांच्या दोन परंपरा आहेत. एकीत वास्तवातील मोटारीचे वर्तन शक्य तितके हुबेहूब साधले जाते. दुसरीला ‘आर्केड’ म्हणतात, आणि तीत गंमतीसाठी वास्तवाला मुरड घातली जाते. ‘डर्ट ५’ दुसऱ्या परंपरेतला आहे. केवळ तेवढ्यासाठी त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. संगीत नाटकातील नायक मरणाच्या दारीही गातो, त्याला आपण हसत नाही. मात्र ते गाणे प्रसंगाला धरून असावे, ही अपेक्षा आपण सोडत नाही.

प्रथम गुण सांगू. हा खेळ डोळ्यांना सुखावतो. एकाच शर्यतीत ऊन ढळते, रात्र पडते, पाऊस किंवा हिमवर्षाव सुरू होतो. मोरोक्को, नॉर्वे, ब्राझील, नेपाळ अशी स्थळे उमटली आहेत. चार जण एका घरात, एकाच पडद्यावर खेळू शकतात. माणसे एकत्र बसविणारा हा गुण आजकाल दुर्मीळच.

आता दोष. पाऊस पडतो, पण चाकाला तो फारसा कळत नाही. खडी, चिखल आणि वाळू यांचे रंग वेगळे, स्वभाव मात्र जवळजवळ एकच. मोटार जमिनीवरून धावण्याऐवजी तिच्यावरून तरंगत गेल्यासारखी वाटते. ती आदळली तर पत्रा चेपतो, परंतु चालीवर परिणाम होत नाही. म्हणजे चुकीला किंमत नाही आणि सावधपणाला मोल नाही. भरीला शर्यतींच्या मधूनमधून दोन निवेदकांची अखंड बडबड कथानक म्हणून ऐकावी लागते. न्यूयॉर्कच्या गोठलेल्या ईस्ट नदीवरील शर्यती आणि ‘पाथ फाइंडर’ नावाच्या खडकाळ चढणी एवढे अपवाद आहेत. तेथे जमीन विरोध करते, आणि तेथेच खेळणारा विचार करू लागतो. कर्त्यांना मर्म ठाऊक होते, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

ते ठाऊक असण्याचे कारणही आहे. यांतील अनेक कर्ते पूर्वी ‘एव्होल्यूशन स्टुडिओज’ या संस्थेत होते. तिचा ‘मोटरस्टॉर्म’ हा खेळ डिसेंबर २००६ मध्ये जपानमध्ये प्रथम आला. तो सर्वांगसुंदर नव्हता : मार्ग केवळ आठ, शर्यतीचा प्रकार एकच, आणि घरी दोघांनी मिळून खेळण्याची सोय नाही. पण त्यात चिखल होता. पुढे गेलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या त्यात उमटत, आणि पुढच्या फेरीत तीच वाट वेगळी होई. वाहनांचे सात वर्ग होते. दुचाकीने उंचावरची अरुंद वाट धरावी, अवजड ट्रकने खालचा चिखल तुडवावा, असा विवेक खेळणाऱ्याला करावा लागे. सोनी कंपनीने ती संस्था २०१६ मध्ये बंद केली. माणसे कोडमास्टर्सकडे आली, पण चिखल मागेच राहिला.

साधनांची उणीव हे याचे कारण म्हणता येणार नाही. फिनलंडच्या ‘हिल क्लाइंब रेसिंग’ या २०१२ च्या मोबाईलवरील खेळात चित्रे बालिश आहेत आणि कळा दोनच. तरीही चढावर वेग चुकला की जीप उलटते, इंधन संपले की डाव संपतो. तेथे टेकडी हीच प्रतिस्पर्धी आहे.

आम्हांला याचे एवढे अगत्य का? ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांना जमिनीचा अर्थ निराळा सांगावा लागू नये. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये येथे तळ दिला, त्या छावणीचेच नाव आपल्या ‘लष्कर’ भागाला आहे. घोडदळाच्या त्या काळात नदीचा उतार कोठे, घोड्याचा पाय कोठे रुतेल, हे ज्ञान तलवारीइतकेच मोलाचे होते. १८०४ च्या पावसाळ्यात यशवंतराव होळकरांपुढून माघार घेणाऱ्या कर्नल मॉन्सनच्या तोफा चिखलात रुतल्या. त्या निकामी करून तेथेच टाकाव्या लागल्या. चंबळेचे बेहड आजही अनोळखी माणसाला वाट देत नाहीत. भूमी ही पार्श्वभूमी नव्हे, ती पात्र आहे. तिला शोभेचा पडदा करणारा खेळ मुलांना नकळत शिकवितो की सगळीकडची माती सारखीच, आणि वेग असला की तिची ओळख करून घेण्याचे कारण नाही. आमचा खरा आक्षेप या शिकवणीला आहे.

आणखी एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. २०१० मध्ये रिलायन्स बिग एंटरटेनमेंटने कोडमास्टर्सचा ५० टक्के हिस्सा घेतला होता; २०२१ मध्ये ती संस्था अमेरिकेच्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे गेली. भारतीय भांडवल तेथवर पोहोचले, पण ‘डर्ट ५’ प्रकाशित झाला तेव्हा त्याच्या स्थळांत भारत नव्हता. त्याचा खेद आम्ही फार करीत नाही. या पद्धतीने चंबळ आली असती, तर तीही एक रंगीत चित्रच झाली असती. उद्या कोणी आपल्यापैकीच तरुणाने बेहडांचा खेळ रचावयास घेतला, तर त्याने सूर्यास्त मागाहून रंगवावा. आधी चाक रुतेल अशी माती करावी.