‘गुड’ म्हणजे वाईट

जुन्या रेकॉर्ड्सच्या बाजारात ‘गुड’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा आहे. एखाद्या एलपीपुढे ‘गुड’ लिहिलेलं दिसलं, तर समजायचं की ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत खरखरणार. ‘व्हेरी गुड’ म्हणजे चालवून घ्या. ‘व्हेरी गुड प्लस’ म्हणजे चांगली. खरोखर उत्तम असेल ती ‘नियर मिंट’. आणि ‘मिंट’ म्हणजे बहुधा कुणी ऐकलेलीच नाही अशी. लग्नाच्या जाहिरातीतलं ‘गव्हाळ’ आणि ‘मनमिळाऊ’ जसं वाचायला शिकावं लागतं, तशीच ही भाषाही शिकावी लागते.

ही श्रेणींची पट्टी अमेरिकेतून आली. १९७४ साली सुरू झालेल्या ‘गोल्डमाइन’ या नियतकालिकाने ती रूढ केली आणि २००० साली सुरू झालेल्या ‘डिस्कॉग्स’ने ती जगभर नेली. पट्टीचा हिशेब सरळ आहे. नियर मिंटला १०० रुपये धरले, तर व्हीजी प्लसला ५०, व्हीजीला २५ आणि गुडला १० ते १५. म्हणजे एका अक्षराच्या फरकाने किंमत निम्मी होते. एवढी ताकद असलेला मजकूर टीकेच्या नजरेने वाचायला हवा.

आधी तिचं श्रेय तिला देऊ. नागपुरातला मुलगा कोलकात्यातल्या अनोळखी माणसाला पैसे पाठवतो आणि न पाहिलेली रेकॉर्ड मागवतो. हा विश्वास त्या दोन-तीन अक्षरांवर उभा असतो. पट्टी नसती तर प्रत्येकाने आपापली विशेषणं उधळली असती.

पण ही अक्षरं बहुतेक वेळा डोळ्यांनी ठरवली जातात, आणि रेकॉर्ड ही कानाची वस्तू आहे. मऊ फडक्याने पुसून ट्यूबलाइटखाली धरलेली कुठलीही एलपी चकाकते. झिजक्या सुईने आतल्या खोबणी कुरतडल्या असतील, तर ते डोळ्यांना दिसतंच असं नाही. ते ऐकू येतं. ‘स’ आणि ‘श’ फाटतात, आणि केंद्राकडच्या शेवटच्या गाण्यात तर जास्तच. उलट, पाहून छातीत धस्स व्हावं असा ओरखडा, नखाला लागत नसेल, तर कित्येकदा आवाजात उमटतही नाही. मी स्वतः एकदा नाट्यसंगीताची एक एलपी नुसती बघून ‘व्हीजी प्लस’ म्हणून विकली. घेणाऱ्याने दोनच ओळी लिहिल्या: दुसऱ्या बाजूला ताना फाटतायत, तुम्ही ऐकली होती का? ऐकली नव्हती. पैसे परत केले. प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला.

दुसरी अडचण आपल्याकडच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांची. त्या व्हायनलच्या नाहीत. लाख आणि खनिज भुकटी यांच्या मिश्रणाच्या आहेत. भुकटीमुळे पोलादी सुईपुढे त्या टिकायच्या, पण त्या भुकटीचीच सरसर आवाजात येते. नवीकोरी तबकडीही थोडी सरसरणारच. तिला एलपीचा निकष लावला, तर पहिल्यांदा घेणाऱ्याला आपण फसलो असं वाटतं. शिवाय ७८ची खोबण एलपीच्या खोबणीपेक्षा कितीतरी रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घसटत जाते आणि तळातला कचरा ऐकवते. दोष सुईचा, आणि श्रेणी उतरते तबकडीची. मात्र केसाएवढी चीर गेली असेल, तर सुटका नाही. दर फेरीला एक ‘टक्’, म्हणजे मिनिटाला ७८.

तिसरा प्रश्न ओळखीचा. १९०२ साली फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचा आवाज मुद्रित केला. गाणं संपताच ती इंग्रजीत आपलं नाव सांगते. मूळ मुद्रणं जर्मनीत हॅनोव्हरला जायची आणि तिथे तबकड्या छापल्या जायच्या. तिथल्या कारागिरांना आवाज कुणाचा ते कळावं, हा त्यामागचा हेतू असं सांगतात. म्हणजे आपल्याकडची सगळ्यात जुनी ओळखखूण खुद्द गाणाऱ्या बाईचा आवाज होती. आज ते काम लेबलजवळच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेले मॅट्रिक्स नंबर करतात. लेबल पुढच्या आवृत्तीत बदलतं, कव्हर तर अदलाबदल होऊन दुसऱ्याच रेकॉर्डवर चढतं, पण कोरलेला आकडा जागेवर राहतो. विक्रेते मात्र कव्हरचे पाच फोटो टाकतात आणि त्या पट्ट्याचा एकही नाही. त्याऐवजी लिहितात ‘रेअर’.

हा शब्द पट्टीत नाहीच. ‘शोले’च्या संवादांच्या रेकॉर्ड्स पॉलिडोरने काढल्या आणि त्या तुफान खपल्या. अशा रेकॉर्डला दुर्मीळ कसं म्हणायचं? पण तिची स्वच्छ प्रत शोधायला जा, मग कळेल. लोकांनी ती इतकी वाजवली की न झिजलेली प्रत मिळणं कठीण. इथे पट्टीचा खरा स्वभाव दिसतो. जी रेकॉर्ड लोकांना आवडली ती खाली जाते, आणि जी कुणी कपाटातून काढलीच नाही ती वर येते. एखाद्या एलपीवर एकाच गाण्याचा पट्टा करडा पडलेला असतो. त्या घरात काय ऐकलं जायचं, याची ती नोंदच असते. पट्टी ते सगळं एका अक्षरात मिसळून टाकते.

म्हणून झीज सुंदर असते असं मी म्हणणार नाही. तीही विक्रेत्यांचीच एक युक्ती आहे. ‘जुन्या काळाचा गोडवा’ म्हणत खरखर विकायची. पैसे मोजणाऱ्याला गाणं नीट ऐकू आलंच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की अक्षरासोबत दोन वाक्यं हवीत. ऐकून ठरवली की बघून? कुठल्या सुईवर? कुठलं गाणं झिजलंय? मॅट्रिक्स नंबर काय? घेताना हे चार प्रश्न विचारा. उत्तर टाळलं, तर तीच खरी श्रेणी समजा.

शेवटी केसरबाई केरकरांची गोष्ट. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर भारतातलं एकच गाणं आहे, केसरबाईंची भैरवी, ‘जात कहां हो’. ते निवडलं गेलं, पण रेकॉर्ड मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधल्या लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर, एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या न उघडलेल्या तीन प्रती सापडल्या. बाजाराच्या भाषेत तीन ‘मिंट’ प्रती. पट्टीच्या दृष्टीने याहून वरची अवस्था नाही.

मग कुणीतरी त्यातली एक उघडली आणि तिच्यावर सुई टेकवली. त्या क्षणी तिची श्रेणी एक पायरी उतरली, आणि गाणं सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागलं.