साक्षीचे नाट्य आणि न्यायाची मर्यादा

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये लटके न्यायालय एका स्त्रीच्या जीवनावर खरा घाव घालते. रिचर्ड नॉर्टन-टेलर यांच्या ‘टॅक्टिकल क्वेश्चनिंग’ या नाटकातील स्थिती नेमकी उलट आहे. तेथील चौकशी खरी आहे. परंतु कोणासही गुन्हेगार ठरविण्याचा अधिकार तिला नाही. २०११ साली लंडनच्या ट्रायसिकल थिएटरने सादर केलेल्या या नाटकाचे मर्म या विपर्यासातच शोधावे लागते.

बसऱ्यातील एका हॉटेलात रिसेप्शनिस्ट असलेल्या बहा मूसा या २६ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू हा नाटकाचा विषय होय. १४ सप्टेंबर २००३ रोजी ब्रिटिश सैनिकांनी त्यास पकडले; दुसऱ्या दिवशी रात्री तो कोठडीत मरण पावला. शरीरावर ९३ जखमा आढळल्या. लष्करी न्यायालयापुढे सात जण उभे राहिले. एका कॉर्पोरलने अमानुष वागणुकीचा गुन्हा कबूल केला व २००७ मध्ये त्यास एक वर्षाची शिक्षा झाली; उरलेले सहा जण सुटले. सैनिकांनी एकमेकांस पाठीशी घातल्याचे न्यायाधीशांनीच नमूद केले.

पुढे सर विल्यम गेज यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी झाली. साक्षीदाराची तोंडी साक्ष त्याच्याच विरुद्ध फौजदारी खटल्यात वापरली जाणार नाही, अशी हमी देण्यात आली. सत्य बाहेर यावे म्हणून शिक्षेचे भय असे दूर सारले गेले. नाटकाची संहिता या साक्षींतूनच सिद्ध झाली आहे. मारहाण रंगमंचावर येत नाही. मृत मनुष्य केवळ इतरांच्या वाक्यांतून वावरतो. कैद्याचे डोके व डोळे झाकून ठेवण्याच्या पद्धतीवर १९७२ मध्येच बंदी घातलेली असता ती बसऱ्यात कशी अवतरली, हा प्रश्न सैनिकाकडून अधिकाऱ्याकडे आणि अधिकाऱ्याकडून मंत्र्याकडे सरकत जातो. उत्तरांची भाषा उत्तरोत्तर सभ्य होते, आणि कृतीचा कर्ता तितकाच दूर जातो. नाटकाचे खरे सामर्थ्य या उतरंडीच्या दर्शनात आहे.

तथापि या नाट्यप्रकाराचा एक दोष दृष्टिआड करता येत नाही. येथे निवड हीच निर्मिती आहे. पण निवडणारा हात प्रेक्षकास दिसत नाही. उत्तरदायित्वाचा प्रश्न विचारणाऱ्या कृतीने स्वतःच्या संपादनाचे उत्तरदायित्व नोंदीच्या तटस्थतेमागे झाकावे, हे खटकते.

याच वर्षी कायद्यानेही एक पाऊल टाकले. लॉर्डांच्या सभागृहाने २००७ मध्ये ब्रिटिश मानवी हक्कांचे संरक्षण कोठडीतील मृत्यूपुरते मानले होते. जुलै २०११ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ते बसऱ्यात लष्करी कारवाईच्या ओघात कोठडीबाहेर मारल्या गेलेल्यांपर्यंत नेले. सप्टेंबरमध्ये गेज यांच्या अहवालाने संरक्षण मंत्रालयाचे संस्थात्मक अपयश नोंदविले. मात्र अपयश संस्थेच्या नावे नोंदले गेले की ते कोणा एकाचे राहत नाही. नाटक अशा वेळी साक्षीदारास, एकट्यास, प्रेक्षकांसमोर बसविते. ही शिक्षा नव्हे. पण कायद्याने मोकळी सोडलेली जागा त्यामुळे डोळ्यांसमोर राहते.