‘लज्जागौरी’ : नाव आणि रूप

रा. चिं. ढेरे यांचा ‘लज्जागौरी’ हा ग्रंथ १९७८ साली प्रसिद्ध झाला. बदलीमुळे परप्रांती आलेल्या मराठी वाचकाने तो शक्यतो कर्नाटकात राहूनच वाचावा, असे आम्हांस वाटते; कारण या दैवताने प्रांतांच्या सीमा कधी मानल्याच नाहीत. तेरच्या मातीत ते सापडते, बदामीच्या संग्रहालयात दिसते आणि आलंपूरला जोगुळांबा म्हणून पूजले जाते. बंगळूरच्या महादेवपुऱ्यात राहून ‘एल्लम्मा’ हे नाव वारंवार कानी पडते. तीच आपली माहूरची रेणुका, हे ढेरे यांच्यामुळे नीट उमगते. रेणुका म्हणजे भूमी आणि वारूळ हे तिच्या सर्जनेंद्रियाचे प्रतीक, ही त्यांची उपपत्ती आम्हांस ग्रंथाचा गाभाच वाटते.

मूर्ती पाहणारा प्रथम बिचकतो. मस्तकाच्या जागी उमललेले कमळ; खाली नग्न देह, पाय मुडपून फाकलेले, जणू प्रसूतीच्या बैठकीत. पण हिच्या ठायी लज्जा कोठे आहे? नागार्जुनकोंडा येथील अशाच मूर्तीवर इक्ष्वाकु राणी खंडुवुला हिचा लेख आहे. त्यात ती स्वतःस अविधवा आणि जीवपुत्रा म्हणवते. सौभाग्य व संतती मिरविणारी ही राणी कसली लाजेल! लाज आहे ती पाहणाऱ्याची.

असे असले तरी ढेरे यांच्याशी आमचा एक वाद आहे. समन्वयाच्या ओघात त्यांच्या हाती येणारी प्रत्येक देवी अखेर आदिमातेत विरघळते, आणि तिचे गावपण, तिचा वेगळा स्वभाव मागे राहतो. आकारसाम्य फसवे असते. सांकलियांनी १९६० साली या नग्न देवतेचा माग पश्चिम आशियापर्यंत काढला. त्याहून दूर मेक्सिकोत पाहा. मेक्सिको शहरात २००६ साली अ‍ॅझ्टेकांच्या त्लाल्तेकुत्ली या भूदेवतेची प्रचंड शिळा सापडली. बैठक तीच, भूमीही तीच. पण तिच्या मुखात रक्ताची धार शिरते आहे. तिचा देह फाडून देवांनी पृथ्वी-आकाश घडविले आणि मोबदल्यात ती मानवी हृदये मागते, अशी तिची कथा. शिवाय तिची अनेक शिल्पे मूर्तींच्या तळाशी, जमिनीकडे तोंड करून कोरलेली. ती माणसाने पाहण्यासाठी नव्हतीच. आमच्या गौरीच्या खांद्यावर मात्र कमळ आहे. दोघींना ‘भूमाता’ या एकाच कप्प्यात टाकले, तर हा सारा फरक हातचा जातो.

ढेरे यांचे बळ अशा दूरच्या साम्यांत नसून शब्द, व्रत आणि क्षेत्र यांच्या जवळून केलेल्या वाचनात आहे. पट्टदकल-ऐहोळे पाहावयास जाणाऱ्या वाचकांनी जवळच्या सिद्धनकोळ्यासही थोडा वेळ द्यावा. तेथे ही देवी संग्रहालयात नाही. अपत्यासाठी तिची पूजा अद्याप होते.