पडद्यावरचा आलेख कुणाची साक्ष देतो?

घरी जीपीएसच्या आधाराने चालणारं घड्याळ बसवायचं म्हटलं की बरेच हौशी लोक एका जोडीकडे वळतात: जुना ट्रिंबल थंडरबोल्ट आणि लेडी हेदर हा मोफत प्रोग्राम. थंडरबोल्टमध्ये गरम कप्प्यात ठेवलेला क्वार्ट्झ ऑसिलेटर असतो. उपग्रहांकडून मिळणाऱ्या वेळेशी त्याची सतत तुलना होते आणि नियंत्रण व्होल्टेज कमी-जास्त करून त्याला ताळ्यावर ठेवलं जातं. बाहेर मिळतात १० मेगाहर्ट्झ आणि सेकंदाला एक पल्स.

लेडी हेदरचं कौतुक करायलाच हवं. उपग्रह, तापमान, नियंत्रण व्होल्टेज, सगळं एका पडद्यावर दिसतं. ३० जुलै २०१७ ला थंडरबोल्टची तारीख १०२४ आठवडे मागे गेली, तीही हा प्रोग्राम दुरुस्त करून दाखवतो.

माझा आक्षेप आहे तो आलेख वाचण्याच्या सवयीवर. पल्सचा फरक शून्याभोवती काही नॅनोसेकंद दिसला की लोक म्हणतात, "माझं घड्याळ इतकं अचूक." पण बघा, हा फरक मोजतंय कोण? तोच रिसीव्हर, ज्याच्या मागे ऑसिलेटर चालतोय. शून्याजवळची रेघ एवढंच सांगते की शिष्य गुरूचं ऐकतोय. गुरू चुकला तर दोघे मिळून चुकतील, आणि रेघ तशीच छान दिसेल.

साधं उदाहरण घ्या. नेहमीच्या कोअॅक्स केबलमध्ये सिग्नलला मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद लागतात. गच्चीवरच्या अँटेनापासून २० मीटर केबल म्हणजे १०० नॅनोसेकंद उशीर. सेटिंगमध्ये तो भरला नाही, तर पल्स कायम उशिरा येईल. आलेखात मात्र काहीच दिसणार नाही. फ्रिक्वेन्सीच हवी असेल तर याने बिघडत नाही, वेळ हवी असेल तर बिघडतं. २०११ मध्ये ओपेरा प्रयोगात न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचं दिसलं होतं. जीपीएसची वेळ मुख्य घड्याळाकडे नेणाऱ्या फायबरची जोडणी नीट बसलेली नव्हती, हे पुढे सापडलेलं एक मोठं कारण.

मग हा आलेख निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. अँटेना बाल्कनीत असेल तर समोरच्या भिंतीवरून परावर्तित सिग्नल येतात. जीपीएसचे उपग्रह आकाशात त्याच जागी रोज सुमारे ४ मिनिटं आधी येतात. म्हणून आलेखातला उंचवटा आठवड्यात साधारण २८ मिनिटं अलीकडे सरकला, तर संशय परावर्तनावर घ्या. रोज घड्याळाच्या त्याच वेळेला आला, तर उन्हाकडे किंवा एसीकडे बघा.

अचूकतेचा दावा करायचा असेल तर स्वतंत्र साक्षीदार हवा, उदाहरणार्थ मोकळा चालणारा रुबिडियम ऑसिलेटर. एकाच अँटेनावरचे दोन थंडरबोल्ट चालणार नाहीत, त्यांच्या बऱ्याच चुका सारख्याच असतील.

उद्या प्रयोगशाळेत कुठल्याही उपकरणाने छोटी चूक दाखवली की आधी हाच प्रश्न विचारा: ही चूक कशाच्या तुलनेत? उत्तर वहीत आकड्याशेजारीच लिहा.