लायगोच्या गोष्टीतला गळालेला दुवा

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या दुधाळा येथील लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज होता २६०० कोटी रुपये. या प्रकल्पाविषयी वृत्तपत्रांतून आणि मासिकांतून जे लेखन होते, त्याची मांडणी बहुधा ठरलेली असते. आइन्स्टाइन, दोन कृष्णविवरे, चार किलोमीटरच्या दोन भुजा, लेसर, आरसे आणि शेवटी संगणकाच्या पडद्यावरची नागमोडी रेषा. ही गोष्ट खोटी नाही. मात्र आरशावरून ती एकदम पडद्यावर उडी मारते. प्रकाशाचा आकडा झाला कसा, हे सांगायचे राहून जाते. शिक्षकाच्या दृष्टीने हाच दुवा सर्वांत मोलाचा आहे.

दोन्ही भुजांतून परतलेला प्रकाश एकत्र येऊन फोटोडायोडवर पडतो आणि तेथे विद्युतप्रवाह निर्माण होतो. या प्रवाहाचे व्होल्टतेत रूपांतर करतात. येथवर सर्व काही सलग असते. पुढे अॅनलॉग-डिजिटल परिवर्तक, म्हणजे एडीसी, ठरावीक क्षणी ती व्होल्टता पाहतो आणि जवळच्या पायरीचा क्रमांक लिहितो. सोळा बिटांच्या एडीसीत अशा ६५,५३६ पायऱ्या असतात. पल्ला ४० व्होल्टचा असेल, तर एक पायरी सुमारे ०.६ मिलिव्होल्टची होते. लायगोला हवा असलेला बदल प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी लहान असतो. तो पायऱ्यांच्या गोंगाटात बुडू नये म्हणून, आकडे होण्यापूर्वीच संकेतातील क्षीण वारंवारितांचा भाग निवडून वाढवतात. अमेरिकेतील लायगोत मुख्य संकेताचे सेकंदाला १६,३८४ आकडे साठवले जातात. त्यामुळे ८,१९२ हर्ट्झच्या वरचे काहीही त्यांत नीट उमटू शकत नाही, आणि ते आधीच गाळून टाकावे लागते.

का गाळायचे? घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. तिची नोंद सेकंदाला नेमकी ५० वेळा घेतली, तर प्रत्येक वेळी तोच बिंदू सापडेल आणि प्रवाह स्थिर आहे असे वाटेल. ५१ वेळा घेतली, तर सेकंदाला एकच हेलकावा दिसेल. हा हेलकावा निसर्गात नाही, नोंद घेण्याच्या पद्धतीत आहे.

हा दुवा गळाला की ‘कृष्णविवरांचा आवाज ऐकला’ अशी वाक्ये बिनदिक्कत लिहिली जातात. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जाहीर झालेल्या पहिल्या शोधात तरंगाची वारंवारिता ०.२ सेकंदात ३५ वरून सुमारे २५० हर्ट्झपर्यंत चढली होती. लोकांना ऐकवला गेला तो त्या आकड्यांपासून, गाळून, पुन्हा बनवलेला ध्वनी. कानाला सोपे जावे म्हणून त्याची स्वर चढवलेली आवृत्तीही होती. यात फसवणूक नाही. पण हे न सांगणारा लेख वाचकाला केवळ थक्क करतो, पारख करायला शिकवत नाही.

शाळेत ही पारख स्वस्तात शिकवता येते. एलएम-३५ हा तापमान-संवेदक दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो. आर्डुइनो-उनोचा दहा बिटांचा एडीसी ५ व्होल्टचे १,०२४ भाग करतो, म्हणजे एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची, जवळजवळ अर्ध्या अंशाची. तरीही पडद्यावर ३०.२७ असा आकडा झळकतो. त्यातले शेवटचे अंक भागाकाराने दिलेले आहेत, हवेने नव्हे. संदर्भ-व्होल्टता १.१ केली की पायरी सुमारे दशांश अंशाची होते. संवेदक मात्र तेवढ्याने अधिक अचूक होत नाही. विद्यार्थ्यांनी दोन्ही जोडण्या करून आकडे वहीत लिहावेत आणि कोणता अंक ठेवायचा, कोणता खोडायचा, यावर वाद घालावा.

लायगोचे आकडे इंटरनेटवर सर्वांना खुले आहेत. दुधाळ्याच्या परिसरातील मुलांनी ते नुसते कौतुकाने पाहावेत की तपासून वाचावेत, हे बरेचसे आपण काय शिकवतो यावर ठरेल. लायगोवर लेख लिहिणाऱ्यांनीही एक परिच्छेद एडीसीसाठी राखून ठेवावा.