ग्रामीण बोली, नागरीकरण आणि ध्वनिपरिवर्तन : इंग्रजी बोलीअभ्यासाची चिकित्सा

प्रस्तावना :
बोलीचे अस्सल रूप खेड्यात टिकते आणि नागरीकरणाबरोबर ते नष्ट होते, हे गृहीतक बोलीविज्ञानात दीर्घकाळ रूढ होते. इंग्रजीच्या प्रादेशिक बोलींचा अभ्यासही त्यास अपवाद नव्हता. या गृहीतकामुळे ध्वनिपरिवर्तनाची प्रक्रियाच कशी दृष्टिआड राहिली, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

सर्वेक्षणाचे सामर्थ्य व मर्यादा :
हॅरॉल्ड ऑर्टन आणि ऑयगेन डीट यांनी आखलेल्या 'सर्व्हे ऑफ इंग्लिश डायलेक्ट्स' या प्रकल्पाचे क्षेत्रकार्य १९५० ते १९६१ या काळात झाले. त्यात ३१३ ठिकाणी तेराशेहून अधिक प्रश्नांची उत्तरे नोंदविण्यात आली. 'फार्म'सारख्या शब्दातील 'र' नैर्ऋत्य इंग्लंड व लँकेशरच्या काही भागांत उच्चारला जात होता, हे या सामग्रीमुळे नकाशावर मांडता आले. हे योगदान निर्विवाद आहे. तथापि माहितीदाते म्हणून गावातच वाढलेल्या वृद्धांना, त्यातही पुरुषांना, प्राधान्य मिळाले. तरुण व शहरी कामगार जवळजवळ वगळले गेले, स्त्रियाही थोड्याच आल्या. पिढ्यांची तुलना नसल्याने परिवर्तन दिसण्याची सोयच उरली नाही. बोली लोप पावत आहे, हा निष्कर्ष माहितीदात्यांच्या निवडीतच दडलेला होता.

दोन प्रतिउदाहरणे :
विल्यम लबॉव यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेला मार्थाज व्हिनयार्ड या अमेरिकी बेटाचा अभ्यास येथे महत्त्वाचा ठरतो. 'राइट', 'हाउस' अशा शब्दांतील संयुक्त स्वरांचा आरंभ तेथे मुखाच्या मध्याकडे सरकत होता. ही प्रवृत्ती सर्वांत वृद्ध पिढीत नव्हे, तर ३१ ते ४५ वयोगटात सर्वाधिक आढळली. उन्हाळी पर्यटकांची वर्दळ वाढत असताना बेटावरच राहू इच्छिणाऱ्यांचे उच्चार मुख्य भूमीपासून दूर जात होते. म्हणजे बाह्य संपर्कातून स्थानिक वैशिष्ट्य पुसले न जाता अधिक ठळक झाले.

दुसरे उदाहरण १९६७ मध्ये नवनगर म्हणून घोषित झालेल्या मिल्टन कीन्सचे. १९९० च्या दशकात पॉल कर्सविल व ॲन विल्यम्स यांनी तेथील ४, ८ व १२ वर्षांच्या मुलांचे उच्चार अभ्यासले. लहानग्यांचे उच्चार बरेचसे पालकांशी जुळत होते. मोठ्या मुलांचे उच्चार मात्र पालकांपासून दूर जाऊन परस्परांच्या जवळ आले होते. भिन्न प्रदेशांतून आलेल्या कुटुंबांच्या मुलांनी सोबत्यांच्या सहवासात एक नवे समतल रूप घडविले.

अर्थात ही उदाहरणे सर्वत्र लागू करता येणार नाहीत. एक अल्प लोकवस्तीचे बेट आहे, तर दुसरे अपवादात्मक स्थलांतराचे शहर. शिवाय समतलीकरणात स्थानिक भेद खरोखरच लोपतात. 'र'चा उच्चार इंग्लंडमध्ये आक्रसत गेला, हे नाकारता येत नाही. परंतु हल येथील श्रमिक तरुणांनी दक्षिणेकडून आलेला 'थिंक'ऐवजी 'फिंक' हा उच्चार स्वीकारूनही आपले उत्तरी स्वर टिकविले. यावरून लोप आणि निर्मिती एकाच वाणीत नांदतात, हे स्पष्ट होते.

समारोप :
सारांश, बोलीत जुने किती उरले, एवढाच प्रश्न पुरेसा नाही. कोण बदलतो, कोणाच्या सहवासात आणि कोणाशी नाते सांगण्यासाठी, हेही विचारले पाहिजे. अन्यथा वृद्ध ग्रामस्थाची वाणी तेवढी 'शुद्ध' ठरते आणि नव्या वस्तीतील मुलांची वाणी अभ्यासालाच अपात्र ठरते. महाराष्ट्राच्या झपाट्याने नागर होणाऱ्या तालुक्यांत मराठी बोलींच्या नोंदी घेणाऱ्या अध्यापकांनी माहितीदात्यांची यादी करतानाच हा धोका ओळखावयास हवा.